अनामिकाचा कप्पा

सकाळचे ऊन या खोलीत थेट येत नाही. आधी ते समोरच्या भिंतीवर पडते, मग काचेवरच्या धुळीतून गाळले जाऊन फरशीवर उतरते. फिकट, कोमट, कसलीच घाई नसलेले. टेबलाचा पाय, वायरींचे भेंडोळे, कुणीतरी विसरलेला कप अशी एकेक वस्तू ते हलकेच चाचपते. माझ्या पत्र्याच्या अंगापर्यंत पोहोचायला त्याला तासभर लागतो.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. लोकांच्या फायली सांभाळणे आणि मागतील त्यांना देणे, हे माझे काम. माझ्याकडे येण्याच्या वाटा दोन. ज्यांचे स्वतःचे खाते असे, ते नाव आणि पासवर्ड देत. त्यांच्या फायली कायम राहत. बाकीचे ‘अनामिक’ म्हणून येत आणि पासवर्डच्या जागी, केवळ रीत म्हणून, आपला ईमेल पत्ता लिहीत. त्यांच्या फायली सामायिक कप्प्यात जात. तो कप्पा मी दर सोमवारी पहाटे रिकामा करी. कधी चुकलो नाही, म्हणून माझे कौतुकही फार होई.

एक निवृत्त शिक्षक होते. गावाकडची पाणथळ बुजवली जाण्यापूर्वी तिथल्या पक्ष्यांचे आवाज त्यांनी तीस वर्षे टिपले होते. पासवर्ड मात्र त्यांच्या लक्षात राहत नसे.

"पुन्हा विसरलात? अहो सर, अख्खा हजेरीपट तोंडपाठ असायचा ना तुमचा!" खोली सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. सरही हसले. त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या वेळी विचारायची त्यांना लाज वाटली. एका शुक्रवारी ते घरूनच अनामिक म्हणून आले आणि सारे आवाज माझ्याकडे ठेवून गेले. मग निर्धास्तपणे घरचा संगणक त्यांनी भंगारात दिला.

मंगळवारी ते मुलीला घेऊन आले.

"बाबा, नक्की कुठे ठेवलंत?" तिने विचारले.

"इथंच गं. फक्त नाव नाही सांगितलं."

बाईंनी पडद्यावरची नजर उचलली नाही. "सर, तो कप्पा काल पुसला गेला. मला एक हाक मारायची होती हो."

"तुम्ही कामात होता," सर म्हणाले.

आता माझ्यावर धूळ साचली आहे. लवकरच मला बंद करतील. मित्रांनो, विसरणाऱ्याला हसू नका. पुसण्याआधी एकदा विचारा.

बेवारस होते तेच पुसले, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो. ते बेवारस नव्हते. सरांनी आपला पत्ता एकही अक्षर न चुकता लिहिला होता, आणि मी तो वाचला होता.