वीस पिंपं डांबर

"मॅडम, तुमचा अंदाज चुकला," ठेकेदार शैलेश दात कोरत म्हणाला आणि वैष्णवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिंचणीकडच्या त्या किनाऱ्यावरच्या वाडीचा रस्ता चारशे मीटर लांब, तीन मीटर रुंद. त्याला किती डांबर लागेल, ते ज्युनिअर इंजिनिअर वैष्णवीने स्वतः काढलं होतं. वीस पिंपं. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि आता म्हणे डांबर संपलं, रंभाबाईच्या घराच्या चाळीस मीटर अलीकडे! बरा शेवटच्याच घराला अंदाज चुकतो! मासळीची हातगाडी रेतीतून ओढता ओढता त्या म्हातारीचे गुडघे गेले होते.

"बाय, तू बोल्लीस माज्या दारापरयंत," रंभाबाई एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

वैष्णवीने रिकामी पिंपं मोजली. वीसच्या वीस. टेप धरून रस्ता मोजला. रुंदी बरोबर, जाडी बरोबर. मग दोन पिंपं गेली कुठे, आभाळात? चालत चालत ती शैलेशच्या सासऱ्याच्या, प्रतापशेठच्या बंगल्यापाशी आली आणि थबकली. रस्त्याला लागून अख्खं अंगण काळं कुळकुळीत! बारा मीटर बाय दहा. बरोबर दोन पिंपांचं काम. मेले चोरीसुद्धा मापात करतात!

"हे काय?"

"असू द्या हो मॅडम, रस्त्याचाच भाग समजा," शैलेश हसला.

"मग तसंच लिहू." तिने मोजमापाची वही त्याच्यापुढे आपटली. "अंगण हा सार्वजनिक रस्ता. तुम्ही आणि झोपाळ्यावरचे शेठ, दोघंही सह्या करा. नाहीतर दोन पिंपं चोरीला गेली, असं लिहिते."

शैलेशचं हसू मावळलं. त्याने सही केली. प्रतापशेठने झोपाळ्यावरून न उठताच सही ठोकली. कागदाने काय होतंय!

वैष्णवी तडक रंभाबाईकडे गेली आणि वही वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाईने त्या अंगणभर जुनी जाळी अंथरली आणि टोपल्याच्या टोपल्या बारीक कोळंबीचा ओला जवळा वाळत घातला. वास थेट दिवाणखान्यात. प्रतापशेठ नाक दाबून बोंबलत बाहेर आला, "उचल ते! माझं अंगण आहे!"

"अंगन नाय, सरकारी रस्ता हाय. तुजीच सई हाय, शेठ," रंभाबाई पदर खोचून कडाडली. "आदी माज्या दारापरयंत डांबर, मंग जवळा उचलते!"

तिसऱ्या दिवशी दोन पिंपं उतरली. शेवटचं रिकामं होईस्तोवर वैष्णवी टेप घेऊन उन्हात उभी होती. आणि तोवर रंभाबाई अंगणात बसून जवळा खालीवर करत होती.