बिस्किटाचा रंग

"दाबा सायेब, आणखी दाबा! पार तळाला लावा पाय!"

दयाराम मिस्त्री असा ओरडला की दिनानाथांनी घाबरूनच पाय रेटला. कर्नाळ्याच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, त्यांची पंचवीस वर्षांची फियाट जीव काढून किंचाळायला लागली. मागच्या सीटवर दयारामच्या बायकोने, जनीने, मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

"आता बंद! क्लच नि चावी, दोनी येकदम!"

इंजिनाचा आवाज कापल्यासारखा थांबला. गाडी तशीच घरंगळत कडेच्या मातीत जाऊन उभी राहिली. झाडावरची दोन माकडं मान तिरपी करून बघू लागली.

ही दयारामची रीत. कार्बोरेटरच्या गाडीत हवा किती आणि पेट्रोल किती, हे मिश्रण गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर तो नुसत्या कानाने लावायचा. पण पूर्ण रेस दिल्यावर मात्र त्याचा कानावर विश्वास नसे. "पुऱ्या रेसला विंजन खोटं बोलतं, प्लग बोलत नाय," असं तो सांगायचा. म्हणून चढावर गाडी पळवायची, जोरात असतानाच बंद करायची आणि लगेच प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर पेट्रोल कमी, आणि मग इंजिन आतून तापून पिस्टनला भोक पडायची भीती.

आणि नेमकं तेच झालं होतं. दोन आठवड्यांपूर्वी दयारामने हीच गाडी लावून दिली होती, आणि तिसऱ्या दिवशी पळस्प्याजवळ तिचा पिस्टन फुटला. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच. दयारामने पेट्रोलवर खापर फोडलं. रॉकेल मारतात मेले, म्हणाला. इंजिन पुन्हा बांधून दिलं. पण पनवेलच्या गॅरेजवाल्यांत कुजबूज सुरू झाली होती, की मिस्त्री आता संपला, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, याला कोण विचारतो. दिनानाथ बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. तेही गाडीत बसताना म्हणाले होते, "मिस्त्री, आज शेवटचं हं. पुन्हा फुटलं तर भंगारवाल्याला फोन करतो. मुलगा तर केव्हाचा मागे लागलाय."

जनीचं येणं मात्र योगायोगाचं. खारपाड्याला तिची बहीण सोनाबाई आजारी होती, गाडी त्याच वाटेने जाणार होती. निदान सांगताना तिने असंच सांगितलं. खरी गोष्ट ही, की दोन आठवडे दयाराम जेवणावरून अर्ध्यावर उठत होता.

दयारामने बॉनेट उघडलं, पान्याने प्लग सोडवला, फडक्यात धरून उजेडात नेला. अंगात बिनबाह्यांचं बनियन. त्याचा रंग असा, की दिनानाथांना राहवलं नाही.

"काय मिस्त्री, आकाशी रंगाचं बनियन? नवीन फॅशन?"

"हिला इचारा," दयाराम प्लगवरची नजर न काढता म्हणाला. "वरीस झालं, येक बनियन पांढरं निघत नाय धुण्यात. सगली पिवली. नीळ घाल, नीळ घाल, सांगून थकलो."

"घालतेय की. बादलीभर घालतेय," जनी मागून म्हणाली. "शेजारची कमळाबाय इचारते, मिस्त्री पोलिसात लागला का बँडमंदी?"

दिनानाथ हसले. दयारामही हसला, कारण प्लग मनासारखा निघाला होता. "बगा सायेब. आक्षी बिस्किट! असा पायजे. भाजलेल्या बिस्किटाचा रंग. जावा आता गोव्यापत्तूर."

जनी गाडीतून उतरली.

बिस्किटाची गोष्ट तिचीच होती. लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची. दयाराम गिऱ्हाइकाची गाडी चढावर न्यायचा तेव्हा तिला शेजारी बसवायचा. तिला तेवढंच फिरणं. अंबाडा घालून, वेणी माळून ती निघायची, आणि परत यायची तेव्हा तोंडावर धूळ आणि कानात इंजिन घुमत असायचं. एकदा तिने विचारलं, "कंचा रंग पायजे तुमाला?" त्याला सांगता येईना. तिने हातातलं बिस्किट पुढे केलं, असा? तो म्हणाला, असा नाय, पाठच्या बाजूचा. तेव्हापासून हत्यारांच्या पेटीत बिस्किटाचा पुडा असायचा. प्लग बिस्किटाशेजारी धरायचा, रंग जुळला की ते बिस्किट दोघांनी अर्धं अर्धं खायचं आणि पुड्यातलं एक माकडांना टाकायचं. कार्बोरेटरच्या पितळी जेट, म्हणजे पेट्रोल किती सुटायचं ते ठरवणाऱ्या बारीक भोकाच्या पुंगळ्या, ठेवायला त्याने तिचा लग्नातला कुंकवाचा करंडा पळवला, तो आजही पेटीतच होता. पुढे मुलं झाली, जनी येईनाशी झाली. दयारामला रंग पाठ झाला आणि पुडाही बंद झाला.

जनीने फडक्यातल्या प्लगकडे पाहिलं. मग दिनानाथांकडे पाहिलं. परक्या माणसासमोर नवऱ्याला तोंडाने सांगायचं तिला नको वाटलं. तिने पिशवीतून सोनाबाईच्या नातवंडांसाठी घेतलेला पुडा काढला, फोडला, आणि एक बिस्किट उलटं करून प्लगशेजारी धरलं.

दयारामने वाकून दोन्ही पाहिलं.

"बिस्किट करपलंय," तो म्हणाला. "हल्ली लय भाजतात."

"बिस्किट त्येच हाय. तीस वरसं त्येच हाय."

"मंग?"

"अवो, बनियन पयल्यापासून पांढरंच व्हतं," जनी हळूच म्हणाली.

माकडांपैकी एक खाली उतरून अगदी जवळ आलं, तरी कोणी त्याला हाकललं नाही. दयारामने प्लग डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग दिनानाथांपुढे धरला. "सायेब, तुमी सांगा. कंचा रंग?"

दिनानाथ अवघडले. "मला त्यातलं काय कळतं? पण... पांढरा दिसतो. खडूसारखा."

दयाराम बॉनेटला टेकला. वर्षभर सगळं जुन्या फोटोसारखं पिवळट दिसत होतं, आणि त्याला वाटलं होतं, वयाप्रमाणे जगच जुनं होत असेल. म्हणजे चांगला भाजका प्लग त्याला काळपट दिसला होता, म्हणून त्याने जेट लहान केली होती, आणखी लहान केली होती, पांढरा प्लग बिस्किटासारखा दिसेपर्यंत.

"सायेब," तो सरळ उभा राहून म्हणाला, "पेट्रोलात रॉकेल नव्हतं. पिस्टन मी फोडला. माज्या डोळ्यानं."

"मोतीबिंदू असेल हो. माझ्या आईलाही सगळं असंच पिवळं दिसायचं. आजकाल अर्ध्या तासाचं काम."

"त्ये व्हईल. पन तवापत्तूर माजा हात लागलेल्या चार गाड्या हायेत फिरत. उद्या जाऊन सांगतो त्यांना." मग त्याने पेटी जनीपुढे सरकवली. "करंड्यातली मोठी, येकशे वीसची जेट काड. आकडा बारीक हाय, नीट बग."

जेट बदलली, नवा प्लग लावला. गाडी खाली नेऊन पुन्हा चढावर घातली. या खेपेला दिनानाथांनी न सांगता पाय तळाला लावला. आवाज मघापेक्षा जड, भरलेला. "बंद!" दयाराम ओरडला, पण प्लग काढल्यावर त्याने तो पाहिला नाही. फडक्यासकट जनीच्या हातात दिला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. खालून वाळूचा ट्रक कण्हत चढत होता.

मागे पुड्याचा कागद कुरकुरला.

"बोल की," तो म्हणाला.

"जुळला."

"कंच्या बाजूचा?"

"पाठच्या."

दयारामने मान हलवली. जनीने बिस्किट मोडलं, अर्धं त्याच्या तळहातावर ठेवलं. पुड्यातलं एक तिने माकडाला टाकलं.

दिनानाथांनी गाडी सुरू केली. मिस्त्रीची जागा पुढे, शेजारी. दयाराम तिथवर गेला, थांबला, आणि मागचं दार उघडून जनीशेजारी बसला. मघाचा पांढरा प्लग अजून त्याच्या मुठीत होता. उताराला लागल्यावर त्याने तो छातीवरच्या बनियनला लावून पाहिला. त्याला दोन्ही एकाच रंगाचे दिसले, सारखेच पिवळट.

"बनियन लय निलं दिसतं का गं?"

"लयच," जनी म्हणाली.

"मंग मला कवा सांगितलं नाय?"

जनी खिडकीबाहेर बघत होती. "तुमाला पांढरं दिसू दे, म्हनून तर घालत व्हते."