घराकडे झुकलेले टोमॅटोचे झाड

इमारतीच्या सूचनाफलकावर, सचिवांच्या सहीशिक्क्यानिशी, पुढील दावा लावलेला होता : ‘बाबांच्या सिद्ध मातीत पेरलेले टोमॅटोचे बी सातव्या दिवशी फळते. झाड घराकडे झुकून नमस्कार करते. ते फळ खाणाऱ्या रुग्णास औषधाची गरज उरत नाही.’

तीन वाक्ये, तिन्ही खोटी. बियापासून पिकल्या फळापर्यंत टोमॅटोला तीन-एक महिने लागतात. सचिवांच्या शिक्क्याची घाई त्याला कळत नाही. तरीही मातीसाठी जिन्यात चौथ्या मजल्यापर्यंत रांग होती. तीत पदवीधरच अधिक होते, त्यामुळे अडाण्यांना बोल लावण्याची सोय येथे नाही.

चौथ्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईची अकरा वर्षांची मुलगी इन्सुलिनवर जगत होती. आईने त्या मातीत बी पेरलेली कुंडी सातव्या दिवशी, रविवारी, बाबांच्या शिष्यांनी ‘अभिमंत्रित करायला’ नेली आणि तासाभराने आणून खिडकीत ठेवली. पाच लालबुंद टोमॅटो. शेंडा खोलीकडे वाकलेला.

“बघा ताई, झाड वाकलं. आता आजारही वाकेल,” शिष्य म्हणाला. “सुया बंद करा. बाबांवर विश्वास आणि फ्रीजमध्ये सुया, हे कसं चालेल?”

मंगळवारी आईने समोरच्या निवृत्त विज्ञानशिक्षिकेला बोलावले. मुलगी अंथरुणावर खोल धापा टाकत होती.

“बाई, कालपासून उलट्या होताहेत. घाण बाहेर पडतेय म्हणे. पण जरा जवळ या, हिच्या श्वासाला फळासारखा गोड वास येतोय. लागू पडलं ना?”

बाई वाकल्या. “शेवटची सुई कधी दिलीस?”

“रविवारी सकाळी.”

“हा वास टोमॅटोचा नाही गं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात विष साठतं, त्याचा आहे. तिला उचल. मी गाडी बोलावते.”

“पण झाड नमस्कार करतंय, बाई.”

बाई तीस वर्षे स्वयंपाकघराच्या खिडकीत मिरच्या-वांगी पिकवत आणि रोज सकाळी प्रत्येक कुंडी थोडी वळवून ठेवत, कारण न वळवलेले झाड काचेकडेच धावते.

“झाड उजेडाकडे झुकतं,” फोन कानाशी धरून त्या म्हणाल्या. “तुझ्या खिडकीत वाढलं असतं, तर बाहेर झुकलं असतं. हे दुसरीकडे वाढलंय. इथे आणून उलटं ठेवलंय.”

आईने बुंधा धरून झाड उपसले. मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती. तिने ते जमिनीवर टाकले आणि मुलीला उचलले.

आज इस्पितळातला अकरावा दिवस. मुलगी अतिदक्षता विभागात आहे. डोळे उघडते, आईला ओळखत नाही. आई रोज तिला स्वतःचे नाव सांगते.

वाचकांकडे मागणे एवढेच : जे झाड तुम्हाला औषध सोडायला सांगते, त्याची मुळे आधी पाहा. आणि बाबांनी पोलिसांपुढे दिलेला हा जबाब घरात मोठ्याने वाचा :

‘झाडं मी रोपवाटिकेतून आणायचो. माती साधीच होती. झुकलेली बाजू घराकडे करून ठेवायची, हे शिष्यांना मीच शिकवलं. मला स्वतःला मधुमेह आहे. रोज दर्शनाला बसण्याआधी मी इन्सुलिन घेतो. ते मी एकदाही चुकवलेलं नाही.’