तीन सुताचा बोल्ट

भरती चारला होती आणि धाकटीच्या जिवाला थारा नव्हता.

दोघी बहिणींची ती प्रवासी बोट. थोरली सुकाणू धरायची, धाकटी इंजिन सांभाळायची. आज ओहोटीला बोट चिखलावर टेकली असताना धाकटी तपासणीला खाली, बोटीच्या पोटात उतरली. पंख्याचा दांडा जिथून बुडाबाहेर जातो, तिथल्या पितळी झाकणाचे चार बोल्ट. त्यांतला एक नुसता बोटांनी उपसून आला. भोकातले आटे चेपले होते. पाणी चढायच्या आत ते पुन्हा पाडले नाहीत, तर पाणी सरळ बोटीत.

बोल्ट मुठीत घेऊन ती हत्यारांच्या दुकानात पोचली. म्हाताऱ्या दुकानदारानं आधी चष्मा शोधला, मग तो निवांत पुसला. धाकटी या पायावरून त्या पायावर.

"मिलिमीटरचा की इंचाचा?"

"तेच तर कळत नाही, काका."

त्यानं दहा मिलिमीटरचा नट लावून पाहिला. चार फेरे फिरला आणि अडला. मग तीन सुताचा, म्हणजे पाऊण अर्ध्या इंचाचा लावला, तो सरसर शेवटपर्यंत गेला.

"इंची आहे. दोघे दिसायला सख्खे भाऊ, पण एका घरात नांदत नाहीत." त्यानं आटे पाडायच्या टॅपांचा चाळीस नगांचा चकचकीत डबा पुढे सरकवला. "हा घ्या, जन्माची ददात मिटेल."

"मला जन्माचं नको, चारपर्यंतचं बघा. आणि स्वस्तातला टॅप नको. मागचा भोकातच मोडला. तो काढता काढता आठ दिवस गेले."

शेवटी चांगल्या पोलादाचे तीन टॅप तिनं निवडले. पहिला निमुळता, वाट करणारा; तिसरा तळापर्यंत आटे पाडणारा. ती निघाली.

अर्ध्या वाटेत तिचे पाय थबकले. बोल्ट इंची, हे खरं. पण भोक? बोल्टच चुकीचा असेल तर? म्हणून तर आटे चेपले नसतील?

ती धावतच बोटीवर आली. शेजारचा धड बोल्ट काढून तिनं दोन्ही एकमेकांना भिडवले. आट्याला आटा बसेना.

"ताई, हा बोल्ट कुणी घातला?"

थोरली दोर गुंडाळत होती. हात थांबले. "मीच. तू तापानं पडली होतीस, मूळचा सापडेना. डब्यातला घातला. जरा जोर लावला तर बसला, म्हटलं, बसलाय ना."

"बसला नव्हता गं, कोंबला होतास!"

"हो, चुकलं माझं. आता बोलत बसू नकोस, मी जाते बदलायला. काय सांगू?"

धाकटीनं धड बोल्ट पट्टीवर मोजला. "दहा मिलिमीटर, दीड मिलिमीटरचा आटा. तिन्ही टॅप आणि एक नवा बोल्ट."

थोरली परतली तेव्हा धड बोल्ट जागेवर बसला होता आणि पाणी बुडाला हात लावायला आलं होतं. धाकटीनं टॅपला तेल लावलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाईनं मनगट पुढे ओढत होतं, ती दात आवळून मागे घेत होती. पितळेचा चुरा भुरभुर पडला. आटे चेपले होते, गेले नव्हते. नवा बोल्ट बोटांनीच आत शिरला. मग तिनं तो पान्यानं आवळला.

बोट तरंगली. प्रवासी चढले. धाकटी मात्र खालीच, बॅटरी झाकणावर रोखून.

"काय गं?" वरून थोरली.

"कोरडं आहे."

जरा वेळानं पुन्हा, "काय गं?"

"कोरडंच आहे, ताई."

पलीकडच्या धक्क्याला लागताच थोरली स्वतः खाली आली. झाकणाभोवती हाताचं बोट फिरवून तिनं ते निरखलं, कोरडं होतं तरी पदराला पुसलं, आणि पुन्हा एकदा फिरवलं.