शनिवारची जागा

माझी बायको दियाम्ब्रा वारल्याचं मला पेरुजाहून आलेल्या खेचरवाल्यानं सांगितलं. ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, तिथेच तापानं गेली. मी लोकर पिंजत होतो. तो गेल्यावर हातातला पुंजका तेवढा संपवला आणि मग खाली बसलो.

आमच्या गुब्बिओ गावात गाणाऱ्यांची मंडळी आहे. ज्या सणाचं जे स्तवन, ते त्या दिवशी देवमाता मरियेच्या मूर्तीपुढे म्हणायचं. चाली जत्रेतल्या नाचाच्या, सगळ्यांना येणाऱ्या. सभासदाच्या घरचं माणूस गेलं, की महिन्यानंतरच्या प्रार्थनेला घरचे सांगतील ते म्हणतात.

"कुठलं म्हणायचं?" मंडळीचा प्रमुख उगुच्चो मोची यानं विचारलं.

"ती सूत कातताना म्हणायची ते. बाई खिडकीशी बसलीय, कुणीतरी निरोप आणतो."

"ते देवदूताचं, तुला मुलगा होणार असं तो मरियेला सांगतो ते. मार्चमधलं."

"मग ती त्याला रस्तोरस्ती शोधते."

"ते वेगळं, मासेओ. तिचा पोरगा देवळात राहून जातो ते. जानेवारीतलं."

"तिचं एकच होतं. मी विचारायचो, हा कोण बाबा? तर म्हणायची, तुमच्यापेक्षा बरा आहे."

मागे बसलेली शेजारची नुताकाकू हसली. "माझ्यासमोरही ओळीनंच म्हणायची. शोधते, मग तो टेकडीवर सापडतो, क्रुसावर. मग बाग, आणि तिथे तो जिवंत."

"बागेत आई नसते, दुसरीच एक मरिया असते," उगुच्चो म्हणाला.

"तिच्या गाण्यात एकच बाई होती."

उगुच्चोनं गुणगुणून पाहिलं. खिडकी, रस्ता, टेकडी. चाल एकातून दुसऱ्यात सरळ जात होती. टेकडीपाशी तो अडला.

"इथून बागेत जाता येत नाही. मध्ये काय होतं?"

"शुक्रवारी क्रूस, रविवारी बाग. मधला शनिवार," नुताकाकू म्हणाली.

"शनिवारी आपण काही गात नाही."

"ती गायची."

मला तिथली चाल येत होती, बोल नाही. नुताकाकूलाही येत नव्हते.

"राहू दे, चारच म्हणू," उगुच्चो म्हणाला.

"मग ती बाई टेकडीवरून घरी कशी आली?"

"तूच लिही की."

"मी पिंजारी आहे."

"आणि मी काय बिशप आहे?"

प्रार्थनेच्या दिवशी आम्ही चारही स्तवनं ओळीनं गायलो. शनिवारच्या जागी मी नुसती चाल गुणगुणली. लोक थांबून राहिले.

त्यानंतर मी बोल जुळवतोय. ती घरी येते, दार लोटते, त्याचा अंगरखा खुंटीवर तसाच असतो, इथवर जमलंय. पुढे ती दिवसभर काय करते, ते मला ठरवता आलेलं नाही. शनिवारचं कडवं अजून अर्धं आहे.