कुंडावर सांगितलेलं आडनाव

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. लाज वाटते.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे बालाघाटच्या शाळेत मी चार वर्षं घसा कोरडा करून शिकवत होतो. स्वतः मात्र तो कधी धड पाहिला नव्हता. म्हणून १९६४ च्या मार्चमधल्या एका रविवारी एकटाच बैहरच्या मोटारीत बसलो. घाट चढून उतरलो आणि पुढे सहा मैल पायी गेलो. काळ्या खडकाचे थरावर थर होते, पायऱ्या पाडल्यासारखे. भोकं पडलेले, आत पांढरे खडे चमकणारे दोन दगड पोरांना दाखवायला पिशवीत टाकले.

त्याच खडकाखालून गरम पाण्याचा झरा निघतो. वर दगडांनी बांधलेलं कुंड, काठावर शेंदूर फासलेली देवी. देवीच्या कृपेनं पाणी तापतं, असं वाटेत तिघांनी सांगितलं आणि मी तिन्ही वेळा मनात हसलो. जमिनीच्या पोटातली उष्णता, दुसरं काय! शिवाय देवीशी आमचा संबंध संपला होता. छप्पन साली माझे वडील, महागू रामटेके, नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत भरून त्यांनी वैनगंगेत सोडले.

कुंडाचा राखणदार भोजराज पायरीवर बसला होता. त्यानं माझी इस्त्रीची पँट पाहिली, बूट पाहिले.

"मास्तर दिसता. कोन गावचे? अडनाव का तुमचं?"

रामटेके हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण पाय ठणकत होते, समोर पाण्यातून वाफ निघत होती. आणि खाली उतारावर, कुंडातून सांडलेल्या पाण्याच्या ओहोळात, आमची माणसं बसली होती. खरं आडनाव सांगितलं असतं तर त्यानं मलाही तिकडेच हात दाखवला असता.

"पटले," मी म्हणालो. तिकडच्या वरच्या जातीच्या शेतमालकांचं आडनाव.

"मंग या ना साहेब, वरतं या!"

त्यानं माझ्या कपाळाला शेंदूर लावला. मी देवीपुढे वाकलोसुद्धा. तेवढं तर त्यानं सांगितलंही नव्हतं.

पाणी फार सुखाचं होतं, हेही कबूल करतो. डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात खालून हाक आली.

"तू महागूचा तेजराम होय ना रे बापा?"

ओहोळात गुडघे शेकत बसलेली चंपाबाई. रामपायलीची सुईण, आईच्या माहेरची. "वळखलं नाई का? तुह्या मायचं बाळंतपन म्याच केलं. पयलं गरम पानी तुले याच हातानं घातलं."

भोजराज माझ्याकडे बघू लागला.

"मी पटले," मी म्हणालो. "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय."

तिनं माझं शेंदूर लावलेलं कपाळ पाहिलं, मग भोजराजकडे पाहिलं.

"हौ बापा, चुकलीच म्या," ती म्हणाली. "म्हाताऱ्या डोळ्यायले दिसत नाई. करू द्या मास्तरले आंघोळ." आणि पाठ फिरवून गुडघ्यांवर पाणी घेत राहिली.

कुंडात बुडून मरावंसं वाटलं. पाणी कमरेइतकंच होतं. परतीच्या मोटारीत रुमालानं कपाळ इतकं घासलं की कातडी चुरचुरायला लागली.

वडील दारातच बसले होते. "गेलता का कुंडावर? मले तिथून एकदा हाकललं होतं. तुले नाव विचारलं असंल?"

"हौ."

"काय सांगतलं?"

"रामटेके."

"अन् बसू देलं?"

"देलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला हाक मारून त्यांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोहल्लाभर झालं.

चौदा एप्रिलच्या सभेत त्यांनी मला उभं केलं. "सांग बापा सगळ्यायले." मी सांगितलं, शुद्ध मास्तरी मराठीत. रामटेके म्हणालो आणि ताठ मानेनं कुंडात उतरलो, असं. बायकांच्या पहिल्या रांगेत चंपाबाई बसली होती, जयंतीला रामपायलीहून आलेली. ती मला तेव्हाच दिसली. आता हिनं उठावं, खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी मनापासून वाटलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.