पोथीतला नाग लाल झाला

यवतच्या मळ्यात, हौसराव आबांच्या अंगणात त्या रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पोथीवाले महाराज, मांडीवर रेशमी फडकं आणि फडक्यात चारशे वर्षांची, म्हणे, पोथी. पानापानावर तळहाताएवढी रंगीत चित्रं. नांगरावरचा शेतकरी, पदर सावरणाऱ्या सुना, वारूळ आणि वारुळावर पिवळाधमक नाग. कहाणी सगळ्यांच्या तोंडपाठची. धाकट्या सुनेला माहेर नसतं, नाग तिचा भाऊ होतो आणि तिला माहेराला नेतो.

"घरातल्या बायकांनी नागावर बोट ठेवायचं!" महाराज गरजले. "हात ओले असले तरी चालतील. आहात तशा या, देवाला भाव लागतो! पुरुषांनी मात्र लांब. तंबाखूच्या हातानं पोथी विटाळते."

आबांच्या कारभारणीनं, सासूबाई सोजराबाईंनी बोट ठेवलं. नाग पिवळाच. मग धाकटी सून करिश्मा धुणं अर्धवट टाकून आली. तिचं बोट टेकलं मात्र, नाग लालभडक!

"आगं बया!" बायकांनी तोंडाला पदर लावले. महाराजांनी पानावर लिंबू पिळलं. नाग हळूहळू पुन्हा पिवळा झाला.

"शांत झाला! पण हिच्या हातात नागदोष हाय. म्हणून पाळणा हलंना. हिला माहेरी धाडा."

करिश्माचे आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणजे भावजयीच्या दारात उभं राहणं. तिनं नवऱ्याकडं, रविराजकडं बघितलं. त्या पठ्ठ्यानं मान खाली घातली. ती आत जाऊन पिशवी भरू लागली.

थोरली जाऊ सुवर्णा कणकेचे हात धुऊन दारात उभी होती. ती शाळेत शिक्षिका. तिच्या वर्गातल्या दोन पोरांच्या आया याच पोथीनं माहेरी गेल्या होत्या, त्याही धाकट्या सुनाच. तिला पहिल्यापासून संशयाचा वास येत होता. या नागाला कधी एखादी सासू कशी सापडत नाही? विटाळाची एवढी भीती, मग धुण्याचा फेस कसा चालतो? आणि तंबाखूचं एवढं वावडं कशाला?

"महाराज, मी राहिले की. मीबी सूनच हाय."

लिंबू पिळलेलं पान उलटून तिनं पुढच्या नागावर बोट घासलं. नाग पिवळाच राहिला, पण बोट पिवळं झालं. तिनं वास घेतला. चारशे वर्षांच्या रंगाला घरच्या मसाल्याच्या डब्याचा वास! बाकीची चित्रं छापील, नाग तेवढा हातानं रंगवलेला. तिला रविराजच्या हळदीतली साडी आठवली. साबण लागताच पिवळे डाग लाल झाले होते आणि साडी गेली म्हणून ती हळहळली होती.

"आत्याबाई, जरा हिकडं या." तिनं सासूचा हात धुण्याच्या साबणावर घासला. "आता ठेवा बोट."

"पोथी मिटली!" महाराज फडकं ओढू लागले.

"मिटली कशी? बघू तर द्या!" गर्दीतून आवाज आला.

"तुमच्यात दोष न्हाई ना आत्याबाई? मग भ्यायचं कशाला?"

सोजराबाईंनी बोट टेकवलं. नाग लाल!

"आरं देवा, मला बी?"

आबांना राहवेना. तंबाखूचा चुना लागलेला अंगठा त्यांनी नागावर दाबला. नाग आणखी लाल झाला.

"आबा, आता तुम्हालाबी माहेरी धाडायचं का?" सुवर्णानं विचारलं आणि अंगण हसून लोळायला लागलं. "ही हळद हाय. साबण नाहीतर चुना लागला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. धुणं घराघरात धाकट्या सुनेच्याच वाट्याला येतं, म्हणून दोष बी तिच्याच हाताला!"

महाराज गर्दीतून वाट काढू लागले, पण आबांनी त्यांचा दंड धरला होता. दोन पोरं पोलीस पाटलांना बोलवायला धावली.

"आवं, चित्रातला नाग पोरक्या पोरीला माहेर देतो," सुवर्णा म्हणाली. "आन् त्याच्याच नावानं आपण पोरक्या पोरीला घराबाहेर काढत होतो! चमत्कार दिसला की आधी एवढंच विचारा, दुसऱ्याच्या हातानं होतोय का? करून बघा. बघितल्याबिगर कुणाच्या लेकीला दोषी म्हणू नका."

सोजराबाई आत गेल्या. भरलेली पिशवी त्यांनी स्वतः रिकामी केली आणि लुगडी परत दांडीवर टाकली.

करिश्मा बाहेर आली. "उद्या दवाखान्यात जायचं," ती रविराजला म्हणाली. "दोघांनी. तपासणी दोघांची."

"व्हय," तो पुटपुटला.

"आन् ते धुणं अर्धं पडलंय. ते तुम्ही पिळा."

रविराज गुमान धुण्याच्या दगडाकडं गेला आणि साबण हातात घेतला.